कान तिकडेच आहेत

बेय्यानं त्या दिवशी रोजा सोडताना नीट जेवण केलंच नाही. शोरबा चमच्यानं ढवळत राहिली, अंडं भरून तळलेला ब्रीक अर्धा खाऊन बशीत तसाच ठेवला. सून हयातनं विचारलंसुद्धा, "आई, अंडं कच्चं राहिलं का?"

"नाही गं, छान झालाय. पोट भरलं."

असं म्हणून ती आत गेली आणि डोक्याचा रुमाल बदलून आली. घरातला करडा काढून तिनं पिस्त्याच्या रंगाचा रेशमी रुमाल बांधला होता. तो एरवी ईदलाच पेटीतून बाहेर यायचा.

लुत्फीनं हे पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं होतं. आईनं रुमाल का बदलला, असा प्रश्न त्याच्या मनात दुसऱ्या दिवशी आला. तोवर विचारायची वेळ टळून गेली होती.

"आज सगळे बसा हं मालिकेला," बेय्या म्हणाली. "ईनेस, तूसुद्धा."

"आजी, मी रोजच बसते की."

"बसतेस गं. पण आज नीट बस."

रमजानची ती मालिका कोळ्यांच्या गावची होती आणि हिवाळ्यात तिचं बरंचसं चित्रीकरण इथंच, महदियाच्या बंदरावर झालं होतं. त्यामुळं पहिले काही दिवस घराघरात नुसता कल्ला असायचा. तो बघ आपला कॅफे, ती बघ मासळीबाजाराची भिंत, तो पाठमोरा माणूस म्हणजे आपला फर्जानी न्हावीच! मग नवलाई ओसरली. मालिका तीच, वेळ तीच, चिलगोजे घातलेला चहाही तोच, पण एकेकाच्या हातात मोबाईल परत आले.

हयातचा मोबाईल उशीला टेकवून उभा असायचा. त्यात सूस शहरातली एक बाई ईदचे कपडे अंगाला लावून दाखवायची आणि हयात मधूनमधून काहीतरी लिहून विचारायची. सोळा वर्षांच्या ईनेसचा मैत्रिणींचा गट होता, आणि त्यात त्याच मालिकेची टिंगल चाले. टीव्हीवर काय झालं ते ईनेसला टीव्हीपेक्षा त्या टिंगलीवरून कळे. आणि लुत्फीचं म्हणाल, तर त्याच्याकडे सगळंच होतं. शिकाऊ चालकांचे निरोप, चुलतभावांचा गट, फुटबॉल, आणि दिवसभरात कुणी कुणी पाठवलेल्या गमतीच्या चित्रफिती. टीव्ही कानानं ऐकायचा आणि मोबाईल डोळ्यांनी बघायचा, म्हणजे दोन्ही साधतं, असं तो मानत आला होता.

तोच लुत्फी दिवसा लोकांना गाडी शिकवायचा. त्याच्या छोट्या गाडीत बसलं की पहिलं काम मोबाईल काढून पुढच्या कप्प्यात टाकायचं. "डोळे एक जोडीच दिलेत देवानं," असं तो प्रत्येकाला ऐकवायचा. समोर 'सी लुत्फी', म्हणजे लुत्फीसाहेब, म्हणणाऱ्या शिकाऊ बायका पाठीमागं त्याची नक्कलही करायच्या.

त्या संध्याकाळी बेय्या तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात बसली नाही. तिनं बुटकं स्टूल टीव्हीच्या शेजारी ओढलं आणि घरच्यांकडे तोंड करून बसली.

"आई, तिथून दिसतंय का तुला?" लुत्फीनं विचारलं.

"मला दिसतंय. तू बघ."

मालिका सुरू झाली. कुणाचं तरी भांडण झालं, मग नावेचा आवाज आला, मग पोलिसांचा. मध्येच बेय्यानं हाक मारली, "लुत्फी."

"हं."

"बघतोयस ना रे?"

"कान तिकडेच आहेत, आई."

आणि नेमकी त्याच वेळी चुलतभावानं पाठवलेली एक चित्रफीत त्यानं उघडली, आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. इतका मोठ्यानं हसला की ईनेस सरकून जवळ आली. "काय बाबा? दाखवा ना." तिनं पाहिलं, तीही खिदळली. "मलाही दाखवा," म्हणत हयातनं मान पुढं केली. तिघांची डोकी त्या एवढ्याशा काचेवर एकत्र आली. मागं टीव्हीवर कुणी म्हातारी बाई संथपणे काहीतरी सांगत होती. ईनेस म्हणाली, "पुन्हा लावा, पुन्हा लावा," आणि लुत्फीनं पुन्हा लावलं.

जाहिरातीचं कर्कश गाणं लागलं तेव्हा त्यानं मान वर केली. बेय्या हातात तबक घेऊन समोर उभी होती.

"कसं वाटलं?"

"काय?"

"आजचं. मालिकेतलं."

काहीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं. रोज जे चालतं ते ठाऊक होतंच. "नेहमीचंच गं. रडारड. खोटं वाटतं सगळं."

"खोटं वाटलं?"

"नाहीतर काय! लोकांची पोटं भरली की त्यांना रडवायचं, एवढं एकच येतं या लोकांना."

बेय्यानं मान हलवली. चहाचे पेले एकेक करून तबकात ठेवले. "मी पडते जरा," म्हणाली आणि गेली. तिचा चहा तसाच होता, वर चिलगोजे तरंगत होते. तो हयातनं मोरीत ओतून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुत्फीची पहिली शिकवणी सलवाची होती. ही सलवा औषधांच्या दुकानात कामाला होती, हुशार आणि बोलकी. परीक्षेत मात्र प्रत्येक वेळी गाडी मागे घेताना चुकायची. गाडीत बसताच तिनं मोबाईल आपणहून कप्प्यात टाकला आणि किल्ली फिरवायच्या आधी त्याच्याकडे वळून म्हणाली,

"सी लुत्फी, तुम्ही भलतेच हो! एवढी गोष्ट, आणि आम्हाला एका शब्दानं सांगितली नाहीत?"

"कसली गोष्ट?"

"लल्ला बेय्या तुमच्याच आई ना? माझ्या सासूनं लगेच ओळखलं. म्हणाली, ही तर आपल्या ड्रायव्हिंगवाल्याची आई!"

 काय झालंय ते लुत्फीला अजून कळलं नव्हतं, पण कळल्यासारखा चेहरा करणं भाग होतं. "हो हो," तो म्हणाला. "चला, आरसा बघा, निघा."

सलवानं गाडी काढली. चौकातून वळल्यावर तिला राहवेना. "खरं सांगते, मालिकेत आजवर इतकं चांगलं काम कुणी केलं नाही. तुम्ही सगळे एकत्र बसून पाहिलं असेल ना?"

"हो तर. सगळे होतो घरी."

"मग? कसं वाटलं तुम्हाला?"

"चांगलं केलं तिनं," लुत्फी म्हणाला. आता गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण खोटं बोलणारा माणूस एक वीट जास्तच रचतो. "विशेषतः ती रडली तेव्हा तर..."

"रडली?" सलवानं रस्त्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि यावेळी त्यानं तिला समोर बघा म्हटलं नाही. "त्या कुठं रडल्या, सी लुत्फी? रडल्याच नाहीत. म्हणून तर आमच्याकडे कुणाला बोलवेना."

गाडी आचके देत बंद पडली. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. सलवानं पुन्हा किल्ली फिरवली आणि नजर समोर ठेवून चालवू लागली. तिला कळलं होतं. ती आता काही विचारणार नाही हेही लुत्फीला कळलं. उरलेला वेळ ती इतक्या जपून आणि इतकं बिनचूक चालवत होती, की शेजारी बसलेल्या लुत्फीला दरवाजा उघडून चालत्या गाडीतून उतरावंसं वाटलं.

पुढच्या मुलाला त्यानं 'आज जमणार नाही' असा निरोप टाकला आणि दीपगृहापाशी, समुद्राकडे तोंड करून गाडी लावली. मोबाईलवर कालचा भाग शोधायला वेळ लागला नाही. ते दृश्य कुणीतरी वेगळं काढून टाकलं होतं आणि गावातल्या निम्म्या लोकांनी ते पुढं पाठवलं होतं. त्याच्या स्वतःच्या चुलतभावांच्या गटातही ते येऊन पडलं होतं. कालच्या त्या हसवणाऱ्या चित्रफितीच्या खालीच.

पोलीस कचेरीतलं टेबल. टेबलापलीकडे अधिकारी. अलीकडे त्याची आई, घरातला तो करडा रुमाल बांधलेली. टेबलावर एक पारदर्शक पिशवी आणि पिशवीत निळा स्वेटर.

"आई, हा तुमच्या मुलाचा का?" अधिकारी विचारतो.

बेय्या पिशवीवरून नख फिरवते, विणीचे टाके मोजावेत तसं. "नाही."

"नीट बघा."

"बघितलं. माझा मुलगा माझं ऐकत नाही. मी त्याला म्हटलं होतं, समुद्रावर गारठा असतो, स्वेटर घालून जा. त्यानं घातला नसणार. हा ज्याचा आहे, त्यानं आईचं ऐकलंय. त्याच्या आईला बोलवा."

आणि मग ती पिशवीच्या कडा आत दुमडते, धुतलेल्या कपड्याची घडी घालावी तशी, आणि ती पिशवी अधिकाऱ्याकडे सरकवते. रडत नाही. उठताना टेबलाचा आधार घेते, एवढंच.

हे बघताना वरून निरोपाची एक पट्टी घसरत आली आणि आईच्या डोळ्यांवर बसली. शिकवणी रद्द का झाली, म्हणून त्या शिकाऊ मुलानं विचारलं होतं. लुत्फीनं ती बोटानं उडवली तर दुसरी आली. चुलतभावानं कुठल्या तरी विनोदावर हसरे चेहरे पाठवले होते. आईचं तोंड नीट दिसावं म्हणून त्याला तेच दृश्य तीनदा पहिल्यापासून लावावं लागलं.

अनीस हा लुत्फीचा धाकटा भाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वसंतातल्या पहाटे तो दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून होडीत बसून इटलीला निघाला. त्याचा फोन आला नाही आणि त्याचं प्रेतही आलं नाही. आईनं विणलेला स्वेटर तो खुर्चीच्या पाठीवर टाकून गेला होता. पुढं कितीतरी दिवस बेय्या बंदरावर जाऊन बसायची आणि लुत्फी तिला हाताला धरून घरी आणायचा. शेवटी त्यानंच ठरवलं, की या घरात अनीसचं नाव निघणार नाही. नाव निघालं की आई जेवत नाही, म्हणून. नाव निघेनासं झालं. बेय्या जेवू लागली. आपण आईला सावरलं, असं लुत्फी समजत होता.

आणि आई ते नाव न घेता सगळ्या देशाला सांगून आली होती. त्याच्यासमोर, त्याच्या बैठकीच्या खोलीत. तेव्हा तो हसत होता.

घरी जाताना त्यानं गाडीत एक वाक्य जुळवलं: 'आई, काल मी पाहिलं, पण माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही.' वाक्य चांगलं होतं. थोडा घोगरा आवाज काढला की पटलंही असतं. त्यानं ते एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि आरशात स्वतःचं तोंड दिसताच आरसा फिरवून टाकला.

जिन्यातच ईनेस भेटली. तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, आजी..."

"माहीत आहे मला."

"मला कालच कळलं होतं," ती कुजबुजली. "मैत्रिणींनी लिहिलं होतं, ही तुझी आजी ना? मी म्हटलं हो, आम्ही सगळे बघतोय. खोटंच लिहिलं. मग आजीच्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले. काय म्हणणार होते?"

स्वयंपाकघराच्या दारात हयात उभी होती. तिला तिच्या बहिणीनं फोन करून सांगितलं होतं. "मी बहिणीला म्हटलं, आम्ही रडलो," ती म्हणाली. "लुत्फी, मी असं कसं म्हटलं रे?"

तिघांनी तीन ठिकाणी तीच थाप मारली होती. आत बेय्या कोथिंबीर चिरत होती, सुरीचा आवाज येत होता. आत जायला कुणी धजावेना.

"सांगून टाकू, की पाहिलं," हयात हळूच म्हणाली. "निदान तिला बरं वाटेल."

"आणि ते हसणं?" ईनेसनं विचारलं.

हयात पाण्याचे पेले मांडायला लागली.

बांग झाली. सगळ्यांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायलं. त्या दिवशी मोबाईल कुणी बाहेर काढले नाहीत आणि त्यामुळंच ते जेवण विचित्र झालं. कुठं बघावं हे कुणाला कळेना. बेय्या मात्र शांत होती. ईनेसला आणखी शोरबा वाढला. लुत्फीच्या पानात ब्रीकचा कुरकुरीत तुकडा टाकला, कारण त्याला कडेचा आवडतो. मग तिनं हात धुतले आणि पांढरी चादर अंगावर घेतली.

"कुठं निघालीस?"

"मन्नूबियाकडे. आज तिच्याकडे बसते. तुमचं चालू दे."

"मी येतो सोडायला."

"गल्लीच्या टोकाला तर तिचं घर आहे."

"तरी येतो."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. प्रत्येक खिडकीतून तळणाचा वास येत होता. बेय्या भिंतीच्या कडेनं, दगड बघत हळू चालत होती. लुत्फीनं जुळवलेलं वाक्य ओठांवर आणलं, तेवढ्यात तीच बोलली.

"रागावलायस का रे माझ्यावर?"

"मी?"

"काल तू हसलास. मग म्हणालास, खोटं वाटतं. रात्रभर मनात तेच होतं माझ्या. तुझंही बरोबर आहे म्हणा. घरातलं दुःख घरात ठेवावं. मी ते चव्हाट्यावर मांडलं."

"आई..."

"ऐक. हिवाळ्यात चित्रीकरणाला मी नुसती बसायला म्हणून गेले होते, चार बायकांत. तुला सांगितलं होतं मन्नूबियाकडे लोकर पिंजायला जाते म्हणून, ते खोटं होतं. मग ती पोरगी, जी सगळ्यांना हुकूम सोडते ना, ती माझ्यापाशी आली. म्हणाली, खाला, कागदावरचं सोडा, त्या आईच्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं रे. तोंडातून निघून गेलं. मग वाटलं, कापून टाकतील. नाही कापलं. तुला आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं. माझ्या हौसेपायी मी अनीसला बाजारात नेलं. मला माफ कर."

लुत्फी उभा राहिला. आईच्या मनात तो एक रागीट, अब्रूला जपणारा थोरला मुलगा होता. त्यानं आईचं काम पाहिलं होतं, त्याला ते रुचलं नव्हतं आणि म्हणून तो मुद्दाम हसला होता. ही कठोर आकृती खऱ्या लुत्फीपेक्षा कितीतरी वजनदार होती. तिच्यात निदान काल तो जागेवर हजर तरी होता.

"असू दे, आई," त्याच्या तोंडून निघालं. "झालं ते झालं."

आवाजही तसाच निघाला, क्षमा करणाऱ्या माणसाचा. बेय्यानं सुस्कारा सोडला. "अल्ला तुझं भलं करो, बाळा," म्हणाली आणि त्याचा हात हातात घेऊन चालू लागली. तिचा हात कोरडा होता, बोटांना कोथिंबिरीचा वास होता. लुत्फी दोन-चार घरं तसाच चालला. मग त्याचे पायच थांबले.

"आई, मी पाहिलं नाही."

"काय पाहिलं नाहीस?"

"तुला. काल. मी बघतच नव्हतो. कुणीच बघत नव्हतं. मला आज सकाळी बाहेरच्या माणसाकडून कळलं."

बेय्याला ते समजायला वेळ लागला. "तू समोर तर बसला होतास. कान तिकडेच आहेत म्हणालास."

"नव्हते, आई. सगळं लक्ष मोबाईलमध्येच होतं."

"मग खोटं वाटलं म्हणालास ते?"

"उगाच म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून."

"आणि हसलास?"

"मोबाईलवरच्या गमतीला."

तिनं त्याचा हात सोडला. रागानं झटकला नाही, चादर सावरायची होती म्हणून सोडला. "म्हणजे माझ्यावर नाही हसलास," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेचा भाव आला. लुत्फीला तोच सोसवेना. मग तो भाव गेला आणि तिनं विचारलं, "काय होतं एवढं हसण्यासारखं?"

"काही नाही गं."

"दाखव ना. तुम्ही तिघं किती हसत होतात."

"आई, नको."

"दाखव."

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि ती चित्रफीत शोधून लावली. एक जाडा माणूस बंदराच्या कडेला खुर्ची टाकून गळ लावून बसलेला. मासा ओढ देतो, खुर्चीचा पाय सरकतो, आणि माणूस खुर्चीसकट समुद्रात. बघणाऱ्यांचा हशा, आणि संपलं. बेय्यानं मोबाईल दोन्ही हातांत धरून, डोळ्यांजवळ नेऊन, चित्रफीत पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पाहिली. त्या घरात त्या मोबाईलकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"मग?" ती म्हणाली. "वर आला का तो?"

 काल दोनदा आणि त्याआधी कितीदा तरी अशा गमती लुत्फीनं पाहिल्या होत्या, पण हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता. "आला असेल," तो म्हणाला. "पुढचं नाही त्यात."

"हं," म्हणून तिनं मोबाईल परत दिला.

"आई, तुझं दाखवू? माझ्याकडे आहे. मी आज पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. तू..." त्यानं मोबाईल पुढं केला. "तू फार खरं केलंस."

"मी अजून पाहिलेलं नाही," बेय्या म्हणाली.

"काल तर..."

"काल मी तुमची तोंडं बघत होते. टीव्ही माझ्या बाजूला होता. म्हटलं, तोंडावरून कळेल कसं झालंय ते." ती पुन्हा चालू लागली. "मन्नूबियाच्या नातीनं राखून ठेवलंय. मोठ्या पडद्यावर लावणार आहेत. यायचं तर ये."

मन्नूबियाच्या खोलीत शेजारपाजारच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. बेय्या दारात दिसताच एकच गलका झाला. आली आली, आपली नटी आली! बसायला सगळ्यात चांगली जागा दे गं तिला! कुणी तिच्या गालांचे मुके घेतले, कुणी मकरूदची, खजूर भरलेल्या मिठाईची, बशी पुढं केली. लुत्फीला बघून बायका जरा सावरून बसल्या. त्याच्यासाठी दाराजवळ एक खुर्ची आली. एवढ्या बायकांत पुरुष एकटाच, त्यामुळं सगळ्यांची नजर फिरून फिरून त्याच्याकडे येत होती.

"काल तुमच्याकडे काय झालं असेल गं!" मन्नूबिया म्हणाली. "मी आमच्या ह्यांना म्हटलं, बेय्याच्या घरी आज कुणी कुणाला आवरायचं? तुझा लुत्फी काय म्हणाला?"

सगळ्या बायका बेय्याकडे वळल्या. लुत्फीनं मान खाली घातली. आता आई सांगेल आणि सांगू दे, असं त्याला खरोखर वाटलं. ते सांगणं ऐकून उठून जाता आलं असतं.

"काय म्हणणार?" बेय्या मकरूदचा तुकडा मोडत म्हणाली. "धाकट्या भावाची गोष्ट. त्याला बघवलंच नाही. उठून बाहेर गेला."

बायकांच्या तोंडून हळहळ निघाली. एकीनं रुमालाच्या टोकानं डोळे टिपले. मन्नूबिया छातीवर हात ठेवून लुत्फीकडे वळली. त्याच्या लहानपणापासून ती त्याला ओळखत होती. त्याच्यासाठी इतकी माया तिच्या तोंडावर त्यानं कधी पाहिली नव्हती.

"बाळा," ती म्हणाली, "आता लावतोय आम्ही. तुला त्रास होणार असेल तर बाहेर अंगणात बस हो. कुणी काही म्हणणार नाही. आम्हाला समजतं."

लुत्फीनं आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. आज तिनं तोंड टीव्हीकडे केलं होतं, रुमालाची गाठ सारखी केली होती आणि हात मांडीवर घेऊन ती वाट बघत होती.

"नाही खाला," तो म्हणाला. "बसतो."

"शाब्बास," मन्नूबिया म्हणाली, आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. त्या शाब्बासकीनं त्याचे कान तापले. मग कुणीतरी दिवा मालवला, पडद्यावर टेबल आलं, पिशवी आली, आणि आपलं तोंड आता कुणाला दिसत नाही याचं त्याला बरं वाटलं.